कळतं, पण वळत का नाही?

पवार कुटुंबाच्या निवडणूक प्रचाराचा नारळ ज्या मारुतीपुढे फुटतो, त्याचं बारामतीजवळचं कन्हेरी गाव उसाच्या पट्ट्यात आहे. इथल्या शिवारात कोयता हे अवजार आहे, हत्यार नव्हे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचे बॉयलर पेटले की तोडणीच्या टोळ्या गावोगाव उतरतात आणि थंडीच्या पहाटे उसाच्या बुडख्यावर बसणारे घाव दूरवर ऐकू येतात. कोयता आणि टोळी हे दोन्ही शब्द इथे घामाचे आहेत. गेल्या काही वर्षांत मात्र पुण्याच्या बातम्यांनी त्यांची ‘कोयता गँग’ केली आणि त्या बातम्यांतली कितीतरी पोरं मिसरूडही न फुटलेली होती.

३० सप्टेंबर २०२४ रोजी हे लोण बारामतीत येऊन ठेपलं. एका महाविद्यालयाच्या आवारात बारावीतल्या मुलावर तिथेच शिकणाऱ्या अल्पवयीन मुलांनी कोयत्याने वार केले आणि त्यात त्याचा जीव गेला. कारण काय, तर आधीची किरकोळ भांडणं.

अशा वेळी पारावर ठरलेली कारणं निघतात. संस्कार कमी पडले, मोबाइलने वाटोळं केलं, मास्तरांच्या हातातली छडी गेली. पण रोज घरी नीट वागणारा, बऱ्यावाईटाची जाण असलेला मुलगा एका क्षणात असं का वागतो, याचा उलगडा त्यातून होत नाही. आपल्या भाषेने हे कोडं चार शब्दांत मांडून ठेवलं आहे: कळतं, पण वळत नाही.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या कोड्याच्या फार जवळ जातो. त्यांनी १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांवरची माणसं यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागला की भिंत कधीही आडवी येणार. थांबायचं की आणखी थोडं पुढे रेटायचं? एकेकटे खेळताना तिन्ही गट जवळपास सारखेच सावध राहिले. मग शेजारी दोन मित्र बसवले. मोठ्यांच्या खेळात फरक पडला नाही. तरुणांचा धोका पत्करण्याचा कल निम्म्याने वाढला आणि किशोरांचा दुपटीवर गेला. मुलगा तोच, खेळ तोच, अक्कलही तीच. बदलले होते फक्त बघणारे.

पुढे २०११मध्ये स्टाइनबर्ग यांच्याच संशोधक गटाने खेळणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. मित्र शेजारच्या खोलीत होते आणि तिथून पडद्यावर खेळ बघत होते. तरीही, ते बघताहेत एवढ्या जाणिवेने किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग जास्त चेतला. कोयता हातात घेऊन रील टाकणाऱ्या पोराचे बघेही दुसऱ्या खोलीतच असतात, फक्त त्या खोलीला भिंती नसतात.

ही ओढ वयात येतानाच जोर धरते. आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र सावकाश, विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. मेंदूसंशोधक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूचे एमआरआय वर्षानुवर्षे काढून ही दिरंगाई १९९९मध्ये दाखवून दिली. उसाला पाणी देणाऱ्याला हे लगेच उमगेल: पाटाचं पाणी वावरात येऊन पोचलं, पण दारं धरणारा अजून वाटेत आहे. एमआरआय नव्हता तेव्हाही मराठीने या काळाला ‘गद्धेपंचविशी’ म्हटलं, आणि पंचविशीचा तो आकडा चुकलेला नाही.

म्हणूनच समज देऊन भागत नाही, समज असतेच. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि गाडीत त्याचे मित्र होते. बाल न्याय मंडळाने जामिनासाठी ३०० शब्दांच्या निबंधाची अट घातली, त्यावर लोक खवळले आणि ते रास्तच होतं. रस्त्यावरच्या धोक्यांचा निबंध त्या वयातला कोणताही मुलगा एकटा बसून उत्तम लिहील.

छडीचाही उपाय टिकत नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६मध्ये दीड लाखांहून अधिक मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पालकांनी दिलेल्या फटक्यांशी चांगल्या वागणुकीचा नव्हे, तर आक्रमकतेचा संबंध दिसला. या वागण्यात अपुऱ्या झोपेचाही वाटा आहेच. या वयात झोपेचं घड्याळ निसर्गतःच पुढे सरकतं. सकाळच्या सत्रासाठी एसटी गाठणारी पोरं आठवडाभर अर्धवट झोपेत असतात.

सगळीच वाया जातात असं मुळीच नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा आजवर पाठपुरावा होतो आहे. त्या अभ्यासातून टेरी मॉफिट यांनी १९९३मध्ये मांडलं, की पौगंडात वाकडं वागणारे बहुतेक जण पुढे आपोआप सावरतात. लहानपणापासून मोठेपणापर्यंत तसंच वागत राहणारे अगदी थोडे. प्रश्न आहे तो सावरण्याआधीची मधली वर्षं निभावण्याचा.

बारामतीत त्या खुनानंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ‘शक्ती’ अभियान सुरू केलं: तक्रारपेट्या, मदतीचा फोन, शस्त्रं मिरवणाऱ्या पोस्टवर पोलिसांची नजर. चांगलंच आहे; पण ही नजर बिघडल्यावरची. पोरांच्या दारूला आवर घालताना आइसलँडने त्याआधीचे तास धरले. मुलांना दुपारनंतर खेळ आणि संगीत, त्यासाठी पालकांना अनुदान, रात्री रस्त्यावर थांबायला बंदी. महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचं सांगणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचं प्रमाण १९९८मध्ये ४२ टक्के होतं, ते २०१६पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. कन्हेरीसारख्या गावात त्यासाठी लागणारी तालीम आणि कबड्डीचं मैदान काही परकं नाही. आइसलँडच्या पालकांनी आणखी एक केलं. शुक्रवार-शनिवारच्या रात्री ते गटागटाने स्वतः गल्ल्यांतून फिरू लागले आणि भेटतील त्या पोरांशी, आपली असोत वा दुसऱ्याची, थांबून बोलू लागले.