पंप बंद आहे, की बंद केला आहे?

वीज केंद्रातल्या शिफ्टच्या नोंदवहीत माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. ‘बॉयलर वॉज लिट अप ॲट २.४०.’ ‘टर्बाइन वॉज रोल्ड ॲट ६.१५.’ ‘युनिट वॉज सिंक्रोनाइज्ड ॲट ७.०५.’ बॉयलर कुणी पेटवला, टर्बाइन कुणी फिरवलं, संच ग्रिडला कुणी जोडला, याचा वाक्यात पत्ता नसतो. ओळीच्या तोंडाशी यंत्र, त्यामागे त्याचं काय झालं ते, आणि शेवटी घड्याळातली वेळ. शाळेत आपण ‘चेंज द व्हॉइस’ म्हणून जे घोकतो आणि परीक्षा संपली की विसरतो, ते भुसावळजवळच्या दीपनगरला प्रत्येक शिफ्टमध्ये लिहिलं जातं.

भुसावळहून वरणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फेकरीजवळ, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. पाणी तापीवरच्या हतनूर धरणाचं, कोळसा रेल्वेनं येणारा. २१० मेगावॅटच्या संचांनंतर ५०० मेगावॅटचे दोन आले, आणि आता ६६० मेगावॅटचा. आजूबाजूच्या फेकरी, निंभोरा, कंडारी, साकेगाव या गावांमधली पुष्कळ मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून इथं ॲप्रेंटिस म्हणून लागायची धडपड करतात. कुणी ठेकेदाराकडे हेल्परचं काम धरतात. घरात लेवा बोली किंवा अहिराणी, शाळेत मराठी, आणि कंट्रोल रूममध्ये नोंद इंग्रजीत. त्यातली काही मुलं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. ‘मॅडम, बोलायचं नंतर शिकवा, आधी लिहायचं शिकवा,’ ही त्यांची मागणी असते. त्यांना लिहायचं असतं ते बहुतांशी पॅसिव्हमध्येच.

नियम त्यांना येत नाहीत असं मुळीच नाही. रामानं रावणाला मारलं, रावण रामाकडून मारला गेला, हे वाक्य झोपेतून उठवून विचारलं तरी ती उलटवून दाखवतात. इंग्रजीतल्या बारा काळांपैकी आठांचाच पॅसिव्ह होतो, उरलेल्या चारांचा शाळेत करायचा नसतो, हेही त्यांना पाठ असतं. तरीही कोरा कागद समोर ठेवून ‘आज दुपारी कोळशाच्या मिलचं काय झालं ते लिही’ म्हटलं की पेन थांबतं. शाळेनं त्यांना तयार वाक्य उलटवायला शिकवलेलं असतं. नोंदवहीत उलटवायला आधीचं वाक्यच नसतं. समोर गरम मोटर असते आणि हातात पेन. आपल्याकडच्या इंग्रजीच्या शिकवणीतला हा मोठा दोष आहे असं मला मनापासून वाटतं. पॅसिव्ह कसा करायचा हे आपण वर्षानुवर्षं शिकवतो, कधी लिहायचा आणि कोणत्या काळात लिहायचा हे सांगायचं राहूनच जातं.

पहिली अडचण ‘आहे’ या साध्या शब्दात असते. मुलगा मनात म्हणतो, ‘पंप बंद केला आहे.’ आहे म्हणजे इज, हे पहिल्या इयत्तेपासून डोक्यात बसलेलं. म्हणून तो लिहितो, ‘पंप इज स्टॉप्ड.’ व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य चूक ठरणार नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून तीन वेगळे अर्थ लागू शकतात. पंप सध्या बंद अवस्थेत आहे, एवढाच एक. पंप रोज अमुक वेळी बंद केला जातो, हा दुसरा. कुणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे आणि अजून बंद ठेवलेला आहे, हा तिसरा. लिहिणाऱ्याला तिसरा अर्थ हवा असतो, आणि पुढच्या शिफ्टला तोच कळायला हवा असतो. कारण पंप नुसता बंद असेल तर गरज पडल्यावर तो सुरू करता येतो. कुणीतरी मुद्दाम बंद केला असेल तर हात लावण्याआधी ‘का?’ असं विचारावं लागतं. तिथं ‘पंप हॅज बीन स्टॉप्ड’ असंच लिहायला हवं.

फ्रेंच बोलणाऱ्यांचा पायही नेमका इथंच घसरतो. फ्रेंचमध्ये ‘ला पोंप ए आरेते’ म्हटलं की पंपाची अवस्थाही कळते आणि क्रियाही. त्यांचा ‘ए’ आपल्या ‘आहे’च्याच जागी बसलेला. म्हणून तेही इज लिहून मोकळे होतात. खानदेशातला मुलगा आणि फ्रान्समधला मुलगा एकच चूक करतात, हे वर्गात सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हे होतं, अशी त्यांची समजूत असते. खरं कारण एवढंच की आपली भाषा ते काम दुसऱ्या रीतीनं करते.

हॅज बीन एकदा हाती लागलं की दुसरी चूक सुरू होते: ‘पंप हॅज बीन स्टॉप्ड ॲट ४.१०.’ मराठीत ‘चार दहाला बंद केला आहे’ हे अगदी सरळ वाक्य आहे. फ्रेंचमध्येही बोलताना तोच काळ चालतो. इंग्रजी मात्र घड्याळ आलं की हॅज बीन स्वीकारत नाही. वेळ लिहिली की वॉज; वेळ न लिहिता आत्ताची स्थिती सांगायची असेल तर हॅज बीन. नोंदवहीच्या प्रत्येक ओळीत वेळ असते, म्हणून तिथं वॉजचं राज्य. शिफ्ट संपताना पुढच्यांसाठी जो गोषवारा लिहितात, त्यात हॅज बीन येतं. ही दोन पानं वेगळी काढून दाखवली तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे मॅडम, वॉज झालेल्या गोष्टीसाठी आणि हॅज बीन राहिलेल्या गोष्टीसाठी.’ मी पुष्कळ वेळ घेऊन जे सांगत होते ते त्यानं एका ओळीत सांगितलं. तेव्हापासून मी ते त्याच्याच शब्दांत सांगते.

सर्वांत जास्त वेळ मी घालवते तो इज बीइंग आणि हॅज बीन यांच्यावर. ‘मिल इज बीइंग क्लीन्ड’ म्हणजे माणसं मिलच्या आत असू शकतात. ‘मिल हॅज बीन क्लीन्ड’ म्हणजे काम झालं, पण माणसं बाहेर आली का, परमिट परत आलं का, ब्रेकर पुन्हा आत ढकलला का, हे अजून कळायचं आहे. देखभालीचं काम सुरू होण्याआधी मोटरचा पुरवठा तोडतात, ब्रेकर रॅक आउट करतात, धोक्याची पाटी लावतात, परमिट काढतात. काम संपलं की हे सगळं उलट्या क्रमानं. या प्रत्येक पायरीला इंग्रजीत एकेक वाक्य आहे आणि प्रत्येकाचा काळ ठरलेला आहे. परमिट इज इश्यूड ही पद्धत झाली, परमिट हॅज बीन इश्यूड ही आजची स्थिती, परमिट वॉज रिटर्न्ड ॲट अमुक ही घडलेली गोष्ट. मुलांना मी फळ्यावर मिल काढायला लावते आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारते, ‘आत्ता आत कोण आहे?’ उत्तर देता आलं नाही तर वाक्य पुन्हा लिहायचं.

हे शब्दांचे चोचले वाटू नयेत म्हणून मी त्यांना पायपर अल्फाची गोष्ट सांगते. स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात तेल आणि वायू काढणारा हा प्रचंड मंच होता. ६ जुलै १९८८ च्या रात्री तिथला चालू पंप बंद पडला, म्हणून रात्रपाळीनं दुसरा पंप सुरू केला. त्या पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून नेलेला होता आणि त्या जागी नुसती चकती लावलेली होती. त्याचं परमिट निघालेलं होतं, पण दिवसपाळीकडून रात्रपाळीला ही बाब पोचली नव्हती. वायू गळला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, आणि शिफ्ट बदलताना काय सांगायचं, परमिट कसं हाताळायचं, याकडे जगभरातले कारखाने नव्यानं पाहू लागले. तिथं दोष क्रियापदाचा नव्हता, निरोप न पोचण्याचा होता. पण निरोप पोचवायचं काम शेवटी वाक्यालाच करायचं असतं. ‘व्हॉल्व्ह हॅज बीन रिमूव्ड’ हे चार शब्द योग्य माणसाच्या डोळ्यांपुढे असायला हवे होते.

मराठी व्याकरणाचाही एक गुंता सोडवावा लागतो. शाळेत कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह अशी सरळ जोडी लावून दिलेली असते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये शास्त्रीय मराठी व्याकरण सिद्ध केलं. प्रयोगाचा विचार या परंपरेत बारकाईनं झालेला आहे. क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं, हा त्यातला प्रश्न. मी पंप बंद केला, मी मोटर बंद केली, मी मशीन बंद केलं: क्रियापद पंपाच्या, मोटरच्या, मशीनच्या मागे चाललं, म्हणून कर्मणी. पण ‘मी’ तिथं ठळक उभा आहे, लपलेला नाही. इंग्रजीत याचा सरळ ‘आय स्टॉप्ड द मोटर’ होतो. जोडी पाठ असलेला मुलगा मात्र ‘द मोटर वॉज स्टॉप्ड बाय मी’ असं लिहितो आणि बरोबर लिहिल्याच्या समाधानात असतो. शिवाय मराठीत कर्ता गाळला तरी काही बिघडत नाही. ‘पंप बंद केला’ एवढं म्हटलं की झालं. फ्रेंच माणूस अशा वेळी ‘ऑं’ नावाचं एक कुणीही-माणसासाठीचं सर्वनाम पुढे करतो. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ती पंपालाच तिथं आणून बसवते. पॅसिव्हची गरज तिथून येते, हे कळलं की मुलं बाय मी, बाय अस, बाय ऑपरेटर अशी शेपटं आपणहून तोडू लागतात.

एक जोडी मात्र अशी आहे की तिच्यावर चौकशीचा निकाल फिरू शकतो. ‘युनिट ट्रिप्ड’ आणि ‘युनिट वॉज ट्रिप्ड.’ पहिल्यात संच आपोआप पडला. वंगणाच्या तेलाचा दाब घसरला, ड्रममधल्या पाण्याची पातळी खाली गेली, आणि संरक्षण यंत्रणेनं आपलं काम केलं. दुसऱ्यात ऑपरेटरनं धोका ओळखून स्वतः बटण दाबलं. मराठीत आपण हा फरक सहज करतो, बंद पडला आणि बंद पाडला. पण पॅसिव्ह शिकलेला मुलगा सगळीकडे वॉज लावत सुटतो, आणि जे यंत्रानं केलं ते कागदावर माणसाच्या माथी बसतं. उलटही होतं. प्रसंगावधान राखून ज्यानं संच वाचवला, त्याचं श्रेय एक वॉज राहून गेल्यानं यंत्राला जातं. शेकडो मेगावॅट ग्रिडमधून एकदम गेले की ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून विचारणा ठरलेली असते. तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो: पडला, की पाडला?

ट्रिपच्या अहवालात हॅड बीनचंही महत्त्व कळतं. समजा चालू फीड पंप पडला आणि राखीव पंप मिळाला नाही, म्हणून संच गेला. ‘स्टँडबाय पंप वॉज टेकन आउट’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला शंका येते, चालू पंप पडल्यावर राखीव पंप काढला की काय? ‘हॅड बीन टेकन आउट’ लिहिलं की तो आधीपासूनच दुरुस्तीत होता हे पक्कं होतं. वर्गात हा काळ शिकवताना एरवी जांभया येतात. ट्रिपच्या अहवालातून शिकवला की मुलं एकमेकांच्या वह्या तपासायला लागतात.

पॅसिव्हवर टीका होते ती खरी आहे, आणि मी ती त्यांच्यापासून लपवत नाही. भुसावळ जंक्शनवर लहानपणापासून आपण ऐकतो, ‘इन्कन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ गैरसोय कुणी केली आणि खेद कुणाला झाला, ते कळत नाही. सरकारी मराठीनंही हा साचा उचलला आहे: कळविण्यात येते, निर्णय घेण्यात आला, कार्यवाही करण्यात येत आहे. निर्णय घेणारा अधिकारी अशा वाक्यातून निघून जातो. नोंदवहीत यंत्रापुढे माणूस दिसत नाही, ते वेगळं. तिथं शिफ्टमध्ये कोण होतं याची नावं पानावर असतात, खाली सही असते. वाक्यानं कर्ता सोडला तरी पानानं सोडलेला नसतो.

म्हणून शेवटी एक सराव देते. कल्पनेतल्या ट्रिपची माहिती मराठीत सांगायची, मुलांनी अहवाल इंग्रजीत लिहायचा. अट अशी की यंत्रावर केलेल्या कामाची वाक्यं पॅसिव्हमध्ये आणि अचूक काळात, पण जिथं माणसानं निर्णय घेतला ते वाक्य कर्त्यासह. गेल्या वेळी एकानं शेवटची ओळ लिहिली होती, ‘इट वॉज डिसायडेड टू ट्रिप द युनिट.’ शेजारच्या मुलीनं ती खोडली आणि वर लिहिलं, ‘द शिफ्ट इन-चार्ज डिसायडेड टू ट्रिप द युनिट ॲट ३.२२.’ मग दोघं वाद घालत बसले, की या वाक्याच्या आधीचं ‘लेव्हल वॉज फॉलिंग’ हे पॅसिव्ह आहे का. ते पॅसिव्ह नाही. पातळी स्वतःच खाली जात होती. पुढचा वर्ग त्याच्यावरच घ्यायचा आहे.