वळणावर घट्ट बसायचं कसं?

पैठणहून फार लांब नसलेल्या शेंद्र्यात स्कोडा, ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात. त्या मनसोक्त पळवायच्या तर कोइम्बतूरच्या कारीसारखा ट्रॅक हवा, पैठण रस्ता नव्हे! ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर ७० किलोच्या चालकाला सुमारे ६५ किलो वजनाइतका रेटा बाजूला जाणवतो. मग चालक स्टिअरिंगलाच लोंबकळतो आणि टायरची पकड हातांना कळेनाशी होते.

नेहमीचा सीटबेल्टचा पट्टा झटका बसला की अडतो, एरवी सैलच राहतो. म्हणून सीट थोडी मागे घ्यावी, पट्टा लावून हिसक्याने अडवावा, तसाच धरून सीट पुढे सरकवावी. डावा पाय फूटरेस्टवर रोवावा. चार ठिकाणी अडकणारा हार्नेस रुबाबदार दिसतो, पण मांड्यांमधला पट्टा नसेल तर धडकेत शरीर कंबरपट्ट्याखालून घसरू शकतं.