मुलाला संगीतात करिअर करायचंय? आधी कमाई कशी होते ते समजून घ्या

दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक भेटायला येतात. सायन्स की कॉमर्स, डिप्लोमा की आयटीआय, हे प्रश्न ठरलेले. अलीकडे त्यात आणखी एक प्रश्न येऊ लागलाय, तोही आवाज जरा खाली आणून: "सर, पोरगं म्हणतं गाण्यातच जायचंय. पोट भरेल का त्याच्यावर?"

जायज-नाजायजचा मुद्दा आधी बाजूला काढतो. संगीताबाबत उलेमांमध्ये शेकडो वर्षांपासून मतभेद आहेत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर सविस्तर लिहिलं आहे, चिश्ती सिलसिल्यात कव्वालीला जागा आहे, आणि दुसरीकडे वाद्यांना साफ मनाई करणारेही मोठे आलिम आहेत. मी मुफ्ती नाही. ज्या आलिमवर आपल्या घराचा भरवसा आहे त्यांना विचारा. मी रोजीरोटीबद्दलच बोलणार आहे, कारण तिथेच माहिती कमी आणि स्वप्नं जास्त असतात.

हा पेशा आपल्याला नवा नाही. गिरगावातून चालत जाता येईल अशा भेंडीबाजारात १८७० च्या सुमारास बिजनौरकडचे तीन भाऊ येऊन राहिले: छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ. त्यांच्या गायकीला मोहल्ल्याचंच नाव पडलं, भेंडीबाजार घराणं. या घराण्याची खासियत मेरुखंड. म्हणजे स्वरांची अदलाबदल करून होतील तेवढ्या रचना गळ्यात बसवायच्या. तीन स्वरांच्या ६, चारांच्या २४, सात स्वरांच्या ५०४०. मुलांना क्रमपर्यायाचं गणित शिकवताना मी हेच उदाहरण देतो, पटकन कळतं! पण कागदावर ५०४० लिहिणं वेगळं आणि त्या गळ्यातून काढणं वेगळं. 'रियाज' हा शब्द आपण फार सहज वापरतो.

नझीर खाँसाहेबांकडे अंजनीबाई मालपेकर शिकल्या. छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या. लतादीदींनी उर्दू उच्चार साफ व्हावेत म्हणून वेगळा उस्ताद ठेवला होता, हेही ध्यानात घ्या. ज्या तलफ्फुजसाठी त्यांनी शिकवणी लावली, तो आपल्या मुलांना घरात फुकट मिळतो, आणि मराठी शाळेतून मिळते. गझल आणि भावगीत दोन्ही नीट उच्चारणाऱ्या गायकाला काम दोन्हीकडून येतं. आपली मुलं मात्र ही दौलत मोजतच नाहीत.

गिरणगावाने हे पाहिलेलं आहे. बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथकात उभे राहिले. परळ-लालबागचा कामगार त्यांच्या मराठीवर आणि आवाजावर फिदा होता. पण ती शाहिरी चळवळीसाठी होती, पैशासाठी नाही. शोहरत आणि कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कमाई कुठून? इथे उस्ताद अल्लारखाँ यांचं आयुष्य नीट वाचावं. आपल्याला ते पंडित रविशंकर यांच्या साथीमुळे माहीत आहेत. पण त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी चित्रपटांना संगीत दिलं, मैफिली केल्या आणि शागिर्द घडवले. एकाच माणसाची कमाई चार ठिकाणांहून. त्याआधी उस्ताद अहमदजान थिरकवाही बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्याला होते. दादरच्या पलीकडे माहीमला वाढलेले झाकीर हुसेन तर सांगायचे, की पहाटे वालिदांसमोर तबला, मग मदरसा आणि मग शाळा असा त्यांचा लहानपणीचा दिवस असे. आपण फक्त ग्रॅमीचा फोटो शेअर करतो.

आजही हिशेब तोच आहे. फक्त कार्यक्रमांवर घर चालवणारे थोडे. बाकीचे शिकवण्या घेतात, रेकॉर्डिंगला वाजवतात, साथ करतात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बसतात. लालबाग-परळची बेंजो पार्टी घ्या. गणपतीच्या आगमनापासून नवरात्रापर्यंत हाताला फुरसत नसते, आणि नंतर कित्येक आठवडे फोन वाजत नाही. कव्वालांचं काम उर्सवर, शादीवाल्यांचं काम रमजान आणि मोहरममध्ये बंद. म्हणून घरखर्च महिन्याच्या नाही, वर्षाच्या हिशेबाने बसवावा लागतो. पगारदार बापाला हे समजायला वेळ लागतो, आणि घरातली अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात.

स्टुडिओचं कामही बदललं. पूर्वी एका गाण्याला वादकांचा मोठा ताफा बसायचा, कीबोर्ड आणि संगणक आल्यावर त्यातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या. आज नुसतं वाद्य येऊन भागत नाही. घरच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग, मिक्सिंग यायला हवं. आवाजाचं तंत्र शिकलेल्या मुलाला लाइव्ह कार्यक्रमातही काम मिळतं.

कागदाचंही महत्त्व आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत जातात. शाळेत असतानाच पहिल्या काही परीक्षा होऊन जातात. शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुणांची सवलतही आहे. त्यासाठी किती परीक्षा लागतात आणि अर्ज कधी द्यायचा, हे नववीतच शाळेत विचारा, दहावीच्या फेब्रुवारीत नको. पुढे मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला आहे. आकाशवाणीची ऑडिशन देऊन बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळते आणि ती बायोडेटावर वजनदार दिसते. मात्र विशारदचा कागद हातात आहे म्हणून हात आपोआप तयार होत नाही, हे ज्याला त्याला माहीत असतं.

मंच नको असेल तर वाद्यांचं काम आहे. मिरजेला शिकलगार घराण्यांनी हत्यारं घडवता घडवता तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. चांगला दुरुस्ती करणारा कारीगर मिळत नाही, अशी तक्रार वादकांकडून नेहमी ऐकू येते.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, करार. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. चित्रपटासाठी गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला हिस्सा आता करारातून कायमचा काढून घेता येत नाही. तो हक्क फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. गीतकार आणि संगीतकारांसाठी अशी सोसायटी म्हणजे १९६९ पासूनची आयपीआरएस. गाणं स्वतः बांधलं असेल तर तिथे सभासद होऊन प्रत्येक रचना नोंदवावी लागते. नोंदच नसेल तर पैसे पोहोचायचे कुठे? वादकाचं सहसा तसं नसतं, त्याला त्या दिवसाची बिदागी मिळते आणि विषय संपतो. म्हणून वाजवायला जाण्याआधी रक्कम, तास आणि पैसे कधी मिळणार हे निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. ओळखीच्या माणसाकडून तर नक्कीच, कारण बुडवणारा बहुतेक ओळखीचाच असतो.

मूल १८ वर्षांखालचं असेल तर म्युझिक कंपनीच्या करारावर सही पालकाची लागते. किती वर्षं बांधून घेतायत, दुसरीकडे गाता येईल का आणि यूट्यूबचे पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे तीन मुद्दे शोधून वाचा. इंग्रजी अवघड वाटत असेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या, आणि तोपर्यंत कागद घरीच ठेवा.