डिकी ओवेनची हूल

रिचर्ड मॉर्गन ओवेन, अर्थात डिकी ओवेन, हा वेल्सच्या रग्बीतील सुवर्णकाळाचा स्क्रम-हाफ. जन्म स्वान्झीचा, 1876 चा. पोटापाण्यासाठी पोलाद कारखान्यातली नोकरी आणि रग्बी मात्र बिनपगारी, कारण वेल्समधल्या या खेळाच्या नियमांत खेळाडूला मानधन घेण्याची मुभा नव्हती. अंगलट लहानखुरी, उंची साडेपाच फुटांच्या आतच.

पण स्क्रम-हाफला आडदांडपणा लागतोच असे नाही. दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटारेटी करतात, त्या झुंडीच्या, म्हणजे स्क्रमच्या, मागून चेंडू बाहेर पडतो. तो उचलायचा आणि पुढचा डाव कुठल्या बाजूला न्यायचा, हे क्षणात ठरवायचे. ओवेनची खरी ताकद या ठरवण्यात होती.

16 डिसेंबर 1905 रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर वेल्सविरुद्ध न्यूझीलंडचा संघ उतरला, तो आपल्या दौऱ्यात तोवर एकही सामना न हरता. पूर्वार्धात एका स्क्रममधून चेंडू घेऊन ओवेन उजवीकडे धावला. कर्णधार ग्विन निकल्स, पर्सी बुश आणि विली लुएलिन हेही त्याच बाजूला पळाले. न्यूझीलंडचा बचाव त्यांच्यामागे ओढला गेला आणि त्याच क्षणी ओवेनने चेंडू उलट दिशेला, डावीकडे फेकला. पास खालीच आला होता, पण क्लिफ प्रिचर्डने तो घोट्याजवळ टिपला. प्रिचर्डकडून ऱ्हीस गेबकडे, गेबकडून टेडी मॉर्गनकडे. मॉर्गनने कोपऱ्यात गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय नोंदवला. तेव्हा ट्रायला 3 गुण असत. सामना 3–0 असाच संपला. संपूर्ण दौऱ्यात न्यूझीलंडचा हा एकमेव पराभव. उत्तरार्धात बॉब डीन्सचा ट्राय नाकारला गेला, त्यावरून पुढे अनेक वर्षे वाद चालला. नाव मॉर्गनचे झाले. पण हूल ओवेनची होती.

1901 ते 1912 या काळात ओवेन वेल्सकडून 35 सामने खेळला. आज हा आकडा किरकोळ वाटेल. त्या काळी वर्षाला जेमतेम तीन-चार आंतरराष्ट्रीय सामने होत, तरी त्याने इतकी मजल मारली. म्हणूनच वेल्सकडून सर्वाधिक सामन्यांचा हा विक्रम चाळीसहून अधिक वर्षे टिकला आणि अखेर 1950 च्या दशकात केन जोन्सने तो मोडला. ओवेन मात्र 1932 मध्येच वारला होता.