गाठ कापायची घाई: मामाचा गाल आणि परळचं टेबल

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी फक्त तो भाचा आहे ज्याच्याकडे स्मार्टफोन होता. घरात कुणाला मोठा आजार झाला की रिपोर्टचे फोटो काढायचे, नंबर लावायचा, इंग्रजी कागद वाचून दाखवायचा, ही कामं आपल्या वयाच्या माणसावर येतात. तुमच्यावरही कधी आली तर हा भाग उपयोगी पडेल, म्हणून करतोय.

माझा मामा मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याच्या पुढचा. भातशेती, पावसाळा संपला की गवताचा धंदा, आणि तोंडात कायम तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मामाची पुडी कधी बंद झाली नाही. त्याला उजव्या गालाच्या आत एक छाला झाला. तिखट लागायचं. मामीने तूप लावलं, मेडिकलवाल्याने मलम दिलं, कुणी म्हणालं उष्णता आहे. असे चार महिने गेले. मग जवळच्या शहरातल्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "छोटी गाठ आहे, उद्याच काढून टाकू." सगळ्यांना बरं वाटलं. अर्ध्या तासाचं काम, चार टाके, संध्याकाळी मामा घरी.

काढलेला तुकडा लॅबमध्ये गेलाच नाही. का, ते आजपर्यंत कळलं नाही. दोन महिन्यांनी त्याच जागी परत सूज आली.

हीच गोष्ट मला सांगायची आहे. कॅन्सरच्या गाठीला पहिला हात लावण्याआधी वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवायला लागतं. घाईघाईने अर्धवट कापलेली गाठ पुढच्या सगळ्यांचं काम अवघड करते. मुळात ती केवढी होती, किती खोल गेली होती, कडेला कॅन्सर उरला होता का, हे शोधायचं साधनच फेकून दिलेलं असतं. वर जखमेचा व्रण आणि सूज यांमुळे स्कॅन वाचायलाही त्रास होतो.

इथे एक गोंधळ दूर करतो. तपासणीसाठी छोटा तुकडा घेणं, म्हणजे बायोप्सी, आणि गाठ काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "सुई लागली की पसरतो" हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बायोप्सीशिवाय उपचार सुरूच होत नाहीत. तुकड्याला घाबरू नका, पूर्ण काढायच्या घाईला घाबरा.

मग आम्ही परळला गेलो, टाटा मेमोरियलला. हे हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं, आज ते अणुऊर्जा विभागाखाली आहे. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे आधी कल्याणपर्यंत एसटी, मग लोकल, मग दादरला उतरून पुढे. शहापूरवाल्यांना निदान आसनगावहून थेट लोकल मिळते. (तानसा आणि भातसाचं पाणी शहापूरहून मुंबईला जातं, आणि आपण त्याच्या मागोमाग लोकलने. असो.) लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो डबा असतो त्यातून कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येतं, हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात कळलं. पहिला आठवडा मामा उभ्याने गेला.

तिथे मी पहिल्यांदा जॉइंट क्लिनिक हा शब्द ऐकला. कल्पना साधी आहे. ऑपरेशन करणारा सर्जन, रेडिएशनचा डॉक्टर आणि केमोचा डॉक्टर एकाच पेशंटचे कागद एकत्र बघतात. स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट यांचं म्हणणं धरूनच निर्णय होतो. काही ठिकाणी याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. गरजेप्रमाणे दातांचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन, आहारतज्ज्ञ, गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम शिकवणारे, फिजिओ, वेदना कमी करणारी पॅलिएटिव्ह टीम आणि पैशांची वाट दाखवणारे समाजसेवक असे सगळे त्यात येतात.

मला आधी वाटलं, एवढे लोक म्हणजे एवढ्या चकरा. पण प्रत्येकाचा निर्णय दुसऱ्याच्या कागदावर अवलंबून असतो, हे मामाच्या मानेवरून कळलं.

स्कॅनमध्ये मानेत काही दिसत नव्हतं. तरी सर्जन म्हणाले, गालाबरोबर मानेतल्या गाठीही काढायच्या. आपल्याकडे ज्याला अवधाण आलं म्हणतो ना, त्या लसिका ग्रंथी. मामा तिथेच अडला. "मानेत काय नाय ना, मग मान कशाला कापता?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर याच हॉस्पिटलने शोधलेलं आहे. डॉ. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट दोन गटांत विभागले. एका गटात मानेच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या. दुसऱ्या गटात थांबले, आणि मानेत गाठ आली तरच काढल्या. २०१५ मध्ये निकाल छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले १०० पैकी ८० जण हयात होते, दुसऱ्या गटातले साधारण ६७-६८. म्हणजे दर आठ माणसांमागे एक जीव. जगभरचे सर्जन कित्येक वर्षं ज्यावर वाद घालत होते, त्याचं उत्तर परळमधून गेलं.

हे मामाला समजावायला मला एक चहा आणि दोन बिस्किटं लागली. मग त्याने सही केली.

ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. मानेतल्या ज्या ग्रंथी स्कॅनमध्ये चांगल्या दिसत होत्या, त्यातल्या एकीत कॅन्सर निघाला. आता कागद रेडिएशनच्या टेबलावर गेला. ग्रंथीत कॅन्सर आहे, तर रेडिएशन हवं. केमो पण द्यायची का? त्यासाठी दोन गोष्टी बघतात. कापलेल्या कडेला कॅन्सर उरलाय का, आणि ग्रंथीचं आवरण फोडून तो बाहेर आलाय का. मामाच्या बाबतीत दोन्ही नव्हतं, म्हणून केमो टळली. एकाच डॉक्टरने सगळं ठरवलं असतं तर कदाचित काहीतरी जास्त झालं असतं, किंवा काहीतरी राहिलं असतं.

आता त्रासांबद्दल. लोक कॅन्सरला घाबरतात, पण उपचार अर्धवट सुटतात ते बहुतेक त्रासांमुळे. आणि त्रास सुरू व्हायच्या आधीच त्याची तयारी करावी लागते.

पहिली गोष्ट दात. रेडिएशनच्या आधी मामाला दातांच्या विभागात पाठवलं आणि दोन किडलेल्या दाढा काढल्या. मामी वैतागली, "कॅन्सर गालाचा आणि दात कशाला काढतात?" कारण असं की रेडिएशन झालेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडायला लागतं. म्हणून खराब दात आधीच काढतात, आणि जखम भरायला दहा-पंधरा दिवस देतात. पण फार थांबताही येत नाही, कारण ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं लागतं. दातांचा डॉक्टर आणि रेडिएशनचा डॉक्टर एकमेकांशी बोलले नाहीत तर ही तारीख कोण जुळवणार?

रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, तीस वेळा. रोज दहा-पंधरा मिनिटांचं काम. टोकावड्याहून रोज येणं अशक्य. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, अशा ठिकाणी बाहेरगावच्या पेशंटची सोय होते. नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. आम्ही उशिरा गेलो.

तिसऱ्या आठवड्यात तोंडाची आतली कातडी सोलवटली. पाणीसुद्धा झोंबायचं. आठवड्याला दोन किलो वजन उतरायला लागलं. आहारतज्ज्ञ बाईंनी नाकातून नळी घालायला सांगितली. मामाला ती लाज वाटायची. गावात नाकात नळी म्हणजे माणूस संपला असंच समजतात. बाई म्हणाल्या, "काका, ही नळी जगण्यासाठी आहे, तोंड बरं झालं की काढू." मामी नाचणीची आंबील करायची, वस्त्रगाळ करून, पातळ. एकदा गाळली नाही तर नळी तुंबली. प्रत्येक वेळी नंतर साधं पाणी सोडायचं, हा धडा तेव्हा मिळाला.

आणि मग जुलै. आवणीचे दिवस. शनिवार-रविवार मामा गावी गेला तो सोमवारी येईना. "आठ दिवसांनी येतो, भात लावून." मी फोनवर ओरडलो, खरं सांगतो. रेडिएशनमध्ये मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी तेवढ्या दिवसांत परत वाढायला लागतात. बुडालेले दिवस शेवटी जोडले तरी ते नुकसान पूर्ण भरून येत नाही. शेवटी मावसभावांनी आवणी अंगावर घेतली आणि मंगळवारी मामा मशीनखाली होता. एक दिवस बुडाला. तो डॉक्टरांना सांगितला, त्यांनी शनिवारी भरून घेतला. लपवला असता तर भरला गेला नसता.

केमो चालू असलेल्यांसाठी एक गोष्ट, कारण खर्डीजवळच्या एका ताईचा मेसेज आला होता. तिच्या आईला स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू आहे, घरी ताप आला तर क्रोसिन द्यावी का? केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात. अशा वेळी १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप ही इमर्जन्सी असते, सकाळपर्यंत थांबायचं नाही. गोळी देऊन ताप झाकू नका. लगेच उपचार करणाऱ्या टीमला फोन करा, आणि शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे केमोची फाइल घेऊन जा. "हिची केमो चालू आहे" हे वाक्य केसपेपर काढतानाच बोला. रक्ताची तपासणी आणि अँटिबायोटिक लवकर सुरू होणं यावर जीव अवलंबून असतो.

गावाजवळचं हॉस्पिटल या टीमचा भाग आहे, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. ड्रेसिंग, नळी बदलणं, रक्ततपासणी, यासाठी परळ कशाला? परळहून लिहून आणा, इथे होतं. मामाला रेडिएशन संपून आठ महिन्यांनी नुसती झोप यायची, अंग जड, बोलायचा नाही. सगळे म्हणाले मनाला लावून घेतलंय. निघालं काय, तर मानेवरच्या रेडिएशनने थायरॉइड मंद झाला होता. एक टीएसएच तपासणी, रोज एक गोळी. मानेला रेडिएशन झालेल्या प्रत्येकाने सहा महिने ते वर्षाने ही तपासणी करायची असते.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन, केमो बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. उपचार सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही.

ज्यांना टाटाला जाणं जमत नाही त्यांनी हिरमुसू नका. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाचं देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं आहे, त्यांचे ऑनलाइन ट्यूमर बोर्डही चालतात. कुठेही गेलात तरी एक प्रश्न विचारा: "आमची केस बोर्डासमोर ठेवली का, आणि काय ठरलं ते लिहून द्याल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आधी कुठे तुकडा काढला असेल तर नुसता रिपोर्ट आणू नका, काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. ते पेशंटच्या कामाचे आहेत, पुन्हा तपासता येतात. आमच्याकडे मागायला काही नव्हतंच.

आता तुमच्यासाठी. आरशासमोर उभं राहून तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. तंबाखू, सुपारी खाणाऱ्या घरच्यांनाही करायला सांगा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा छाला दोन-तीन आठवड्यांत भरला नसेल, तर मलम बदलत बसू नका. तीस वर्षांवरच्या लोकांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, गावातल्या आशाताईला विचारा.

मामाचं तोंड ऑपरेशन आणि रेडिएशननंतर आखडलं होतं. फिजिओने आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला सांगितल्या, दिवसातून पाच वेळा. पहिल्या दिवशी नऊ काड्या गेल्या. उजवा खांदाही उतरला होता, कारण मानेच्या ऑपरेशनमध्ये खांद्याची नस दुखावते. भाताचा भारा अजून उचलवत नाही, आणि गालाच्या आतला मांडीचा लावलेला तुकडा हसताना ओढतो. दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी असते आणि त्याच्या आदल्या रात्री मामी झोपत नाही.

काल फोन केला तर म्हणाला, "पंधरा गेल्या रे. भाकरी दुमडून जाते आता."