एका गाण्यावर थांबू नका, अख्खी कॅसेट ऐका



आमच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत वसुली आणि हिशेब आटोपला की अर्धा तास आम्ही गाणी ऐकतो. सुटं गाणं नाही, अख्खा अल्बम. एका बैठकीत पुरा झाला नाही तर उरलेला पुढच्या बैठकीत.

अल्बम म्हणजे एका सूत्रात ओवलेली गाणी. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं मावायचं. पुढे एलपी आली, तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. मग स्वस्तातली कॅसेट आली आणि हे संच गावोगावी पोहोचले.

आमचा पहिला आवडता संच ‘अभंग तुकयाचे’. शब्द तुकोबांचे, चाली श्रीनिवास खळे यांच्या, आवाज लताबाईंचा. देवाची ओढ सांगताना तुकोबा सासरी निघालेल्या लेकीची उपमा देतात. तो अभंग लागला आणि बैठक गप्प झाली. ते निघणं आम्ही प्रत्येकीने अनुभवलेलं आहे.

दुसरे प्रल्हाद शिंदे. आमच्या गटात काही घरी विठ्ठलाची गाणी लागतात, काही घरी भीमगीतं. एकमेकींच्या घरचं गाणं कुणी नीट ऐकलंच नव्हतं. प्रल्हाद शिंदे यांनी दोन्ही गायली आहेत, कव्वालीसुद्धा. आम्ही त्यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं पाठोपाठ लावली. आवाज तोच, जीव ओतणं तेच. त्या दिवशी चहा घेताना रोजच्या जागा सोडून बायका एकमेकींत मिसळून बसल्या.

तिसऱ्या सुलोचना चव्हाण. लावणी म्हटल्यावर काहींनी पदर तोंडाला लावला. आम्ही विचारलं, पुरुषांनी ऐकलेली चालते, मग आपण ऐकली तर काय बिघडतं? लावणी गाणाऱ्या या बाईंना 2022 साली पद्मश्री मिळाली. ठसका, लय, शब्दांची फेक याकडे कान दिला की लाज कुठल्या कुठे जाते.

ऐकताना तीन गोष्टी करा. क्रम मोडू नका. मध्ये बोलू नका. आणि गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं मोठ्याने वाचा.

ही नावं वाचतानाच एक गोष्ट आमच्या लक्षात आली. आपल्या आज्यांनी जात्यावर शेकडो ओव्या गायल्या, पण त्यांची नावं कुठल्याच कॅसेटवर नाहीत. ज्यांना अजून ओव्या येतात त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने मोबाइलवर त्या भरून ठेवा. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून घ्या.

आमच्या गटाचा पुढचा अल्बम तोच असणार आहे.