जनावराच्या पोटातील तार : वेळीच निदान, वेळीच शस्त्रक्रिया

नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूर हे नाव अहिल्यानगर शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित झाले आहे. कारखाने, गोदामे आणि नवी बांधकामे यांच्या जोडीने या भागातील खेड्यांत दुभत्या जनावरांचे गोठेही आहेत. लोखंडाचा आणि वैरणीचा व्यवहार जेथे असा शेजारी शेजारी चालतो, तेथे एका आजाराची माहिती प्रत्येक पशुपालकास असणे अगत्याचे आहे. तो आजार म्हणजे वैरणीबरोबर गिळलेल्या तारेने किंवा खिळ्याने जनावरास होणारी अंतर्गत इजा.

इजा कशी होते?

शेळी ओठांनी पाला निवडून खाते. गाय-म्हैस मात्र जिभेने घास ओढून घेते, तो पुरता न चावताच गिळते आणि रवंथ मागाहून करते. त्यामुळे घासातील तार तिच्या ध्यानात येत नाही. अशी जड वस्तू कोठीपोटाच्या पुढील जाळीपोटात जाऊन बसते आणि तेथील मधाच्या पोळ्यासारख्या घरांत अडकते. जाळीपोट आकुंचन पावले की तिचे टोक पुढे रेटले जाते. त्यापुढे श्वासपटलाचा पडदा असून त्याच्या पलीकडे अवघ्या काही सेंटिमीटरवर हृदय असते. गाभण काळाच्या अखेरीस वाढलेल्या गर्भाशयाचा दाब आणि विताना येणाऱ्या कळा यांमुळे हा धोका अधिक वाढतो.

लक्षणे व निदान

जनावर एकाएकी वैरण सोडते व दूध झपाट्याने कमी होते. रवंथ मंदावते, अंगात ताप असतो. ते पाठीला बाक देऊन व कोपरे बाहेर काढून उभे राहते, उतारावरून चालण्यास नाखूष असते आणि उठता-बसता कण्हते. ही लक्षणे पुष्कळदा साध्या अपचनाची समजली जातात. घरगुती औषधे पाजण्यात मोलाचे दिवस निघून जातात आणि येथेच खरे नुकसान होते.

पशुवैद्यक खांद्यामागील पाठीची कातडी चिमटीत धरतात. निरोगी जनावर पाठ खाली वाकवते. दुखणाईत जनावर ते टाळते व कण्हते. धातुशोधक यंत्राने पोटात लोखंड आहे एवढे समजते. परंतु कित्येक धडधाकट जनावरांच्या पोटातही ते आढळत असल्याने केवळ त्यावर निदान ठरत नाही. तारेची जागा क्ष-किरण तपासणीने कळते, तर हृदयाभोवती पू साचला आहे काय, हे ध्वनिलहरी तपासणीने दिसते.

उपचार

आजार प्रारंभीच लक्षात आल्यास जनावरास पुढील पाय उंचावर राहतील असे बांधून विश्रांती देतात, प्रतिजैविके टोचतात आणि तोंडावाटे एक गुळगुळीत लोहचुंबक पोटात सोडतात. तो जाळीपोटात राहून लोखंडी वस्तू स्वतःकडे धरून ठेवतो. सुमारे तीन दिवसांत उतार न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

ही शस्त्रक्रिया बहुधा जनावर उभे असतानाच होते. डाव्या कुशीचा भाग बधिर करून तेथे छेद घेतात. आतील घाण उदरपोकळीत सांडू नये म्हणून कोठीपोटाची भिंत आधी छेदाच्या कडेला पक्की करतात, मग ते उघडतात आणि हात जाळीपोटापर्यंत नेऊन रुतलेली वस्तू बोटांनी शोधून काढतात. नंतर कोठीपोट, स्नायू व कातडी क्रमाने शिवतात. कातडीचे टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी काढले जातात. प्रतिजैविके चालू असताना व पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या जनावराचे दूध विक्रीस देऊ नये.

मात्र तार हृदयावरणात शिरून तेथे पू झाला, मानेची शीर फुगली आणि गळ्याखालील पोळीवर सूज आली, म्हणजे जनावर वाचण्याची आशा फारच थोडी उरते. शस्त्रक्रियेचे यश हातातील कौशल्याइतकेच जनावर कोणत्या दिवशी दवाखान्यात आणले यावर अवलंबून असते.

गावाने काय करावे?

कुट्टी यंत्रात आलेल्या लांब तारेचे सुईएवढे तुकडे होतात. म्हणून यंत्राच्या तोंडाशी लोहचुंबक बसविणे हितावह ठरते. मुरघासावर वजनासाठी ठेवलेल्या झिजलेल्या टायरांतील तारा वैरणीत गळतात, तेव्हा असे टायर वापरू नयेत. बांधकामाची बांधणी-तार व खिळे रोजच्या रोज वेचले जावेत आणि कारखान्यांचे भंगार कुंपणाआड राहावे, याकडे ग्रामपंचायतीने लक्ष द्यावे. शाळेत लोहचुंबकाचा पाठ शिकविताना गुरुजींनी मुलांकरवी गोठ्याभोवतीची जागा तपासून घेतली, तर विज्ञानाचा धडा आणि गावाचे काम एकाच वेळी साधेल. जनावराने वैरण सोडून पाठीला बाक दिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आज काढलेली तार ही एक जखम असते. आठवड्याने तीच तार जनावराचा जीव घेऊ शकते.